दारं नसलेला जिना

२ मार्च, रविवार

गोजर मास्तरांना ‘हो’ म्हणून बसले! आता निस्तरा, संजूबाई.

वाचनालयात प्रदर्शन आहे, तेवीस तारखेला. विषय काय, तर ‘बाजारपेठेतल्या पहिल्या उंच इमारती’. मी हसलेच. म्हटलं, "मास्तर, हे मुरबाड आहे. इथं उंच म्हणजे गोरखगड, नाहीतर नारळाची झाडं." तर म्हणाले, "तसं नाय हो बाई. बाजारात सगळी कौलंच होती, त्या काळी लोकांनी पहिल्यांदा मान वर करून काय बघितलं, ते काढा. तुमी चित्रकलेच्या बाई. रिटायर होऊन वरीस झालं, हात गंजेल अशानं."

हात गंजेल म्हणे! संध्याकाळी सगळ्या पेन्सिलींना टोकं करून ठेवली. खोटं कशाला लिहू, मजा वाटतेय.

४ मार्च, मंगळवार

तेलाच्या व्यापाऱ्याच्या माडीपासून सुरुवात केली. सकाळचं ऊन समोरून येतं तेव्हा स्टूल टाकून बसले. सागाचे खांब, वर लाकडी कठडा, मंगलोरी कौलं. आजच्या मानानं बुटकीच. पण बाबा सांगतात, त्यांच्या लहानपणी अख्ख्या बाजारात हीच एक माडी. शेठ कठड्याशी उभा राहिला की खालून गाडीवान राम राम घालायचे. शेठ वरूनच हात हलवायचा, म्हणून लोक चिडायचे! खाली उतरून बोल म्हणायचे.

मग चौकातली स्लॅबची पहिली इमारत. गोल भोकांची सिमेंटची जाळी, प्रत्येक खिडकीवर छज्जा आणि गच्चीच्या कठड्यावर मधोमध गिलाव्यात काढलेलं कमळ. कमळ कुणी काढलं देव जाणे, कोबीचा गड्डा वाटतो. पण काय हौस! कमळावर कबुतरानं घरटं केलंय, तेही काढलं. मास्तर नको म्हणाले तरी ठेवणार.

एक लक्षात आलं. या जुन्या इमारती वर कितीही गेल्या तरी खाली ओटा आहेच. दुकान असो, दवाखाना असो — कुणीही यावं, टेकावं. नव्या टॉवरखाली टेकायला गेले तर वॉचमन म्हणाला, "आजी, गाडी येते इथून." आजी! पाणी पिऊन परत आले.

६ मार्च, गुरुवार

लिफ्टची बिल्डिंग काढली. चार मजली, मुरबाडातली पहिली लिफ्ट हिच्यात आली. मी तेव्हा शाळेत नवीनच लागले होते. सरकत्या जाळीच्या दाराची लिफ्ट. बाजाराच्या दिवशी खेड्यांतनं आलेली माणसं तिच्यातून नुसतं वर जायची आणि खाली यायची. काम काही नाही! एकदा एक आजी कोंबडी घेऊन चढल्या आणि मध्येच लाइट गेली. आजी शांत, कोंबडीनं मात्र बिल्डिंग डोक्यावर घेतली.

आता त्या लिफ्टमध्ये खालचा दुकानदार कांदे ठेवतो. मी कांद्यांसकट काढली, खाली कोंबडीची गोष्टही लिहिली.

८ मार्च, शनिवार

आज आमची. सगळ्यात कठीण. रोज बघून बघून डोळ्यांना काही दिसतच नाही.

चित्राखाली लावायला लिहून बघितलं: ‘दामूशेठ यांची इमारत. १९८२. तळमजला आणि वर दोन. खाली भाताचं दुकान, पहिल्या मजल्यावर थोरला मुलगा, दुसऱ्यावर धाकटा. गच्चीवर खांबांच्या सळ्या सोडलेल्या आहेत.’ बस. शेजारच्यांची असती तर इतकंच लिहिलं असतं.

पण खरी गंमत सळ्यांत आहे. इथं वरचा मजला पुढेमागे चढवायचा असेल तर खांबाच्या सळ्या उभ्या सोडतात. बाबांनी सोडल्या. एकेका मुलाला एकेक मजला देणारा माणूस, मग सळ्या कोणासाठी? तिसऱ्या मुलासाठी! तिसरा काही झाला नाही. बाजारातली माणसं अजून वर बघून विचारतात, "दामूशेठ, तिसरा कधी येतोय?" बाबा सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. हसतात नुसते. दर पाडव्याला कोपऱ्यातल्या सळीला दादा आमची गुढी बांधतो, तेवढा त्या सळ्यांचा उपयोग.

आणि दुसरी गंमत म्हणजे मागचा जिना. पुढचा जिना दुसऱ्या मजल्याशी संपतो. गच्चीवर जायला मागच्या बोळातून वेगळा जिना आहे, भिंतीला लागून सरळ वर. मध्ये कुठं दार नाही. ना पहिल्या मजल्याला, ना दुसऱ्या! वहिनीला पापड वाळत घालायचे तर पाट घेऊन आधी खाली उतरायचं, बोळात जायचं, मग सगळं पुन्हा चढायचं. गावात म्हणतात, दामूशेठनं जिना बांधला आणि दारं विसरला. वाळू नावाचा गवंडी होता, तो तेव्हा ताडी प्यायचा, असंही म्हणतात. मी पण शाळेत मुलांना हेच सांगून हसवलंय.

माझी खोली पहिल्या मजल्यावर, मागच्या अंगाला. तो जिना माझ्या खिडकीवरनंच जातो. वहिनीची पावलं, पापडाचा पाट, मग वहिनीचं पुटपुटणं — असं क्रमानं वर जातं.

आज चित्र काढताना एक जुनं आठवलं. मी शहापूरहून परत आले, म्हणजे १९९०. (त्या दोन वर्षांवर इथं एक ओळसुद्धा खर्च करणार नाही. नांदले, पुरे झालं, आले.) त्याच उन्हाळ्यात बाबा गच्चीवर उभे होते. मला म्हणाले, "वर बांधायला घेऊ का गो, संजू?" मला वाटलं, भाड्यानं द्यायला मजला काढतायत, शिकलेली म्हणून मला विचारतायत. म्हटलं, "मला काय विचारता? मी काय कायमची थोडीच आलेय! दादाला विचारा." बाबा "बरं" म्हणाले आणि खाली गेले.

कायमची नाही म्हणता म्हणता म्हातारी झाले की!

९ मार्च, रविवार

वहिनीचे उडदाचे पापड सुरू. दिवसभर खिडकीवरून ये-जा. मी दोन चोरले.

११ मार्च, मंगळवार

हे कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथं.

आटगावला जाऊन आले. घरी सांगितलं, शहापूरला मैत्रिणीकडे जाते. जीपमध्ये सापगावच्या पुलावर ऊन अंगावर आलं आणि उगाच हसू आलं. चोरून सिनेमाला निघाल्यासारखं!

स्टेशनपासून चालत थोडं पुढं, सात मजल्यांची बिल्डिंग. तिथले फ्लॅट विकणारा विपुल म्हणून मुलगा फार गोड बोलतो. "मॅडम, सातवा घ्या. वारा बघा, व्ह्यू बघा." एक खोली, एक स्वयंपाकघर, चिमुकली गॅलरी. सगळं सारखं, पांढरं, दाबलं तर आवाज येईल अशा भिंती. चित्रकलेच्या बाईला मुळीच आवडू नये असं घर. पण बाहेरचं दार होतं. विपुलनं किल्ली दिली आणि म्हणाला, "उघडा ना मॅडम." उघडलं. आत कुणीच नव्हतं. कुणाला "आले गो" म्हणायचं नव्हतं.

मुरबाडला मी घरात येते ती वहिनीच्या स्वयंपाकघरातून. दुसरी वाटच नाही. गॅसपुढून, तिच्या पाठीमागून, "आले गो" म्हणत. तिच्या भावाशी तिचं फोनवर भांडण चाललेलं असो, ती रडत असो, तिला नुसतं एकटं बसायचं असो — मी आपली मधून जाणार. वहिनी आजवर एक शब्द बोललेली नाही. तेच तर! बोलली असती तर भांडता आलं असतं.

मला कुणाचा राग नाही. पण मरायच्या आधी एकदा माझं दार हवंय. फंडाचे पैसे पुरतात. पाडव्याला बुकिंग, तोवर खोली धरून ठेवतो म्हणालाय. पाडवा तीस तारखेला.

घरी कसं सांगायचं, ते विपुलला माहीत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. धाकटा चंदर तोंड हिरवं करून जेवायला खाली आला, आणि पुरणपोळीवर तूप घेता घेता दोघा भावांनी ठरवून टाकलं — लिफ्ट बसवायची! बाबांना आता पहिला मजलासुद्धा झेपत नाही. दुकानाच्या ओट्यावर खुर्चीत बसायची त्यांना सवय, पण चढउतार नको वाटते. खरंच आहे.

लिफ्ट कुठं बसवायची? मागं. वेडा जिना तोडून. दादा म्हणाला, "नायतरी तो कशाला हाय? पापडाला!" सगळे हसले. मीही हसले. वहिनी म्हणाली, "मंग माझे पापड लिफ्टनं वर जातील, बाई."

बाबा जेवत होते. ऐकू कमी येतं त्यांना. चंदरनं कानाशी ओरडून सांगितलं, तेव्हा घास हातातच राहिला. म्हणाले, "मला कुठं वर जायचंय रे?" बस, एवढंच. पोळी अर्धी ठेवली.

१६ मार्च, रविवार

कल्याणचा इंजिनिअर येऊन गेला. तरुण आहे, नम्र आहे. हातोडीनं खांब वाजवून बघितले. म्हणाला, "पाया कुणी काढला हो? अजून एक मजला आरामात पेलेल." दादा खूश. बाबांच्या वेळी काळू नदीची वाळू होती, आताच्यासारखी भेसळ नव्हती, म्हणाला. पण मजला कोणाला हवाय आता? दादाची मुलं पुण्याला, चंदरची बेंगळुरूला. ठरलं ते असं: पाडव्याची गुढी झाली की दुसऱ्या दिवशी सळ्या कापायच्या, जिना तोडायचा. सळ्यांच्या जागी लिफ्टची खोली.

जाणारच आहे तर नीट काढून ठेवू, म्हणून टेप घेऊन जिन्यावर गेले. आणि बाई गं, काय सुंदर बांधलाय! पायऱ्या बुटक्या, रुंद. साठीच्या बाईलासुद्धा दम लागू नये अशा. प्रत्येक वळणावर टेकायला कट्टा. पुढचा जिना, जो सगळे वापरतात, तो अरुंद आणि उभा. पापडासाठी कुणी इतका जीव लावून बांधतं? वाळू गवंडी ताडी पिऊन असा बांधत असेल तर सगळ्यांना पाजायला हवी.

पहिल्या पायरीशी बसून राहिले जरा. इथंच जुन्या घराची पडवी होती. जिवली आत्या राहायची तीत. बाबांची मोठी बहीण. नवऱ्यानं टाकली, भावाकडे आली. पडवीत जायची वाट आईच्या चुलीपुढून. आई तिला कधी टाकून बोलली नाही, तरी आत्या ओली धुणी हातात घेऊन मागच्या बोळात थांबायची. स्वयंपाक आटपेपर्यंत. मी लहान होते, म्हणायचे, "आत्या, आत ये की!" ती म्हणायची, "व्हय, येते. त्यांचं होऊ दे." बाबा दुकानातून उठून आले की त्यांना ती तशीच दिसायची. ती गेली आणि पुढच्या वर्षी बाबांनी सगळं पाडून ही बिल्डिंग बांधायला काढली.

मी नशीबवान आहे तिच्या मानानं. मी थांबत नाही, मधून जाते.

१९ मार्च, बुधवार

जिन्याचं चित्र सगळ्यात चांगलं झालंय. विकत घ्यावं असं!

२३ मार्च, रविवार

प्रदर्शन! अंगावर शाल, हातात नारळ, पाय सुजलेले. पण काय माणसं आली! लिफ्टच्या चित्रापुढं तर गर्दी. एक बाई म्हणाली, "ती कोंबडीवाली माझी आजी." खरं की खोटं कोण जाणे, पण तिनं चित्राबरोबर फोटो काढून घेतला. कोबीच्या कमळावर वाद झाला. तेलाच्या माडीपुढे दोन म्हातारे, शेठची मान वाकायची की नाही, यावर खरोखर भांडले. गोजर मास्तरांनी मध्ये पडून दोघांना चहा पाजला.

आमच्या जिन्याखाली मी लिहिलं होतं: ‘दारं नसलेला जिना. कारण माहीत नाही.’ लोक नेहमीचंच हसले, विसरला म्हणाले. बाबांना आणलं होतं खुर्चीत बसवून. त्या चित्रापुढे खुर्ची थांबवायला लावली. चष्मा पुसून पुसून बघत होते. मला म्हणाले, "पायऱ्या बरोबर काढल्यास." इतक्या वर्षांत माझ्या चित्राला त्यांनी पहिल्यांदा बरं म्हटलं! मी हवेत.

२६ मार्च, बुधवार

वहिनीला आज सांगायचंच ठरवलं होतं. ती लसूण सोलत होती, मी शेजारी बसले. म्हटलं, "वहिनी, एक बोलायचंय." ती म्हणाली, "आधी मी बोलते. लिफ्टसाठी मागची भिंत फोडतील तेव्हा तुझ्या खोलीत धूळ येईल, चार दिवस तू माझ्याजवळ निज. यांना मी हॉलमध्ये घालवते." आणि माझ्या हातात लसणाची गड्डी दिली.

मी लसूण सोलला. कसं सांगणार? जाते म्हटलं की तिला वाटणार, आपलं काय चुकलं. काहीच चुकलं नाही गो तुझं! पण दार नाही मला.

२८ मार्च, शुक्रवार

विपुलचा फोन. "मॅडम, पाडव्याला अकराला फोन करतो, फक्त ‘हो’ म्हणा." ‘हो’च म्हणणार आहे. घरी गुढी झाली की सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. श्रीखंड पोटात असताना माणसं कमी रागावतात.

बाबांनी आज हट्टच धरला — गुढीला मी वर येणार. किती वर्षांत गच्चीवर गेलेले नाहीत! दादा म्हणाला, "लिफ्ट झाली की न्हेतो ना बाबा." तर म्हणाले, "मोडायच्या आधी यायचंय. मागच्या जिन्यानं." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आम्हाला वाटलं, म्हातारपण.

३० मार्च, रविवार. पाडवा

दादानं आणि चंदरनं बाबांना खुर्चीसकट वर आणलं. गुढी बांधून झाली. बाबांनी सळी चाचपली आणि म्हणाले, "तोडू नका रे. जिना तुमचा नाय. संजूचा हाय."

मग जिन्याकडं बघत पुढं म्हणाले,

"जिवली जनमभर दुसरीच्या चुलीपुढनं गेली. माझ्या पोरीवर तशी वेळ आलीच, तर तिला तिच्या दारात थेट जाता यावं. मधी कुनाचं दार नको, असं वाळू गवंड्याला सांगून केला. पोरीचं लगीन व्हायच्या आधी असलं तोंडानं बोलायचं नसतं. म्हनून बोललो नाय."

"मग मी आले तेव्हा?" मी ओरडूनच विचारलं.

"विचारलं की गो. इथंच. तू बोल्लीस, कायमची थोडीच आलेय. मग वरचा मजला कसा बांधू? तुझी परत जायची वाट मीच बुजवल्यासारखं झालं असतं. तू बोलशील, म्हनून थांबलो."

पिशवीत विपुलचा फोन वाजत होता. वाजू दिला. खूप रडले. मग त्यांच्या कानाशी वाकून बोलले, "आले, बाबा. कायमची आले."

"बरं," म्हणाले.

वहिनी डोळ्याला पदर लावून म्हणते, "आनी माझे पापड गो?"

म्हटलं, "माझ्या अंगणात घाल."